विली ओरी: उजवीकडून येणारा पक

मित्रहो, विली ओरीचं नाव निघालं की एक वाक्य ठरलेलं असतं. नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. तारीख १८ जानेवारी १९५८, ठिकाण मॉन्ट्रियल फोरम, त्याच्या संघाने, बोस्टन ब्रुइन्सने, मॉन्ट्रियल कॅनेडियन्सला ३-० असं हरवलं. यातलं काहीही खोटं नाही. पण हा माणूस बर्फावर खेळायचा कसा, हे त्या वाक्यातून कळत नाही, आणि मला बोलायचंय ते त्याबद्दल.

त्यासाठी आधी थोडं आइस हॉकीचं. इथे चेंडूऐवजी पक असतो, म्हणजे रबराची चपटी चकती. पुढच्या फळीत तिघे असतात, मध्ये सेंटर आणि दोन बाजूंना विंगर. ओरी डावा विंगर. डावा विंगर डावीकडच्या बोर्डांना धरून धावतो, म्हणजे त्याच्या डाव्या हाताला भिंत आणि बाकी सगळा खेळ उजव्या हाताला. सेंटरचा पास उजवीकडून येतो, अंगावर चालून येणारा बचावपटूही बहुतेक वेळा उजवीकडूनच येतो. आता हे ध्यानात ठेवा की ओरीचा उजवा डोळा जवळजवळ पूर्ण निकामी होता.

हे झालं १९५५-५६ च्या हंगामात. न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या फ्रेडरिक्टनचा हा मुलगा तेव्हा ऑन्टारियोत किचनर कनक्स या ज्युनियर संघाकडून खेळत होता. गोलपुढच्या गर्दीत एक जोरदार फटका कुठेतरी आपटून उडाला आणि पक थेट चेहऱ्यावर बसला. नाक मोडलं, गालाचं हाड मोडलं, उजव्या डोळ्याचा पडदा फाटला. त्या डोळ्याची पंच्याण्णव टक्के दृष्टी गेली. तू पुन्हा हॉकी खेळणार नाहीस, असं डॉक्टरांनी सांगितलं. गडी काही आठवड्यांत परत बर्फावर उतरला.

आणि त्याने ही गोष्ट लपवली. लपवणं भागच होतं, कारण एका डोळ्याने आंधळ्या खेळाडूला एनएचएलच्या नियमांत जागा नव्हती. संघाच्या वैद्यकीय तपासणीत डोळे कुणी नीट तपासले नाहीत, हे त्याचं नशीब. मग प्रत्येक पास घेताना मान पूर्ण उजवीकडे वळवायची, खांद्यावरून मागे बघायचं, पक स्टिकवर घ्यायचा आणि समोरून येणारी टक्कर झेलायची. मान वळलेला खेळाडू म्हणजे प्रतिस्पर्ध्याला आयतं सावज. कितीतरी सोप्या संधी त्याने का दवडल्या, याचा उलगडा समोर बसलेल्या प्रेक्षकाला होणं शक्यच नव्हतं.

आता त्याचे आकडे बघा. एनएचएलमध्ये ४५ सामने. १९५८ मध्ये दोन, आणि १९६०-६१ मध्ये ४३. गोल ४, असिस्ट (म्हणजे दुसऱ्याच्या गोलला दिलेला पास) १०. पहिला गोल १ जानेवारी १९६१ ला बोस्टनमध्ये, समोर पुन्हा मॉन्ट्रियल, गोलरक्षक चार्ली हॉज. एवढंच वाचून ‘सामान्य खेळाडू’ असा शेरा मारणारे लोक आहेत. माझं म्हणणं असं की त्या काळी एनएचएलमध्ये संघच सहा होते. जगभरातून शंभर-सव्वाशे माणसांना काम मिळायचं. डोळे शाबूत असलेले उत्तम खेळाडूही दुय्यम लीगमध्ये आयुष्य काढत. त्यात एका डोळ्याने, चुकीच्या बाजूला उभं राहून, अर्ध्याहून जास्त हंगाम टिकणं ही साधी गोष्ट नाही.

वर्णद्वेष होताच. बोस्टन संघाने त्याला नीट वागवलं, असं ओरी नेहमी सांगत आला आहे. त्रास दुसऱ्या शहरांत व्हायचा, विशेषतः अमेरिकेतल्या. शिकागोत एरिक नेस्टेरेन्कोने स्टिकच्या मागच्या टोकाने त्याच्या तोंडावर वार केला. पुढचे दोन दात गेले, नाक मोडलं. ओरीने स्टिक उलट त्याच्या डोक्यात घातली आणि मग मोठी हाणामारी झाली. एरवी मात्र नुसत्या शिव्यांसाठी हातमोजे काढायचे नाहीत, म्हणजे मारामारीला उतरायचं नाही, असं त्याने स्वतःशी ठरवलं होतं. कुणी अंगावर आलं तरच.

हा संयम कुठून आला, याचा एक धागा बेसबॉलमध्ये सापडतो. तोही तो चांगला खेळायचा. १९४९ मध्ये पोरांच्या संघाबरोबर न्यूयॉर्कला गेला असताना त्याची जॅकी रॉबिन्सनशी भेट झाली, ज्याने मेजर लीग बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत तोडली होती. मी हॉकीपण खेळतो, असं त्याने सांगितल्यावर रॉबिन्सनलाच नवल वाटलं. पुढे १९५६ मध्ये मिल्वॉकी ब्रेव्ह्ज या बेसबॉल संघाच्या शिबिरासाठी तो जॉर्जियात वेक्रॉसला गेला. विमानतळावरच ‘गोऱ्यांसाठी’, ‘काळ्यांसाठी’ अशा पाट्या. निवड झाली नाही, आणि परतीच्या बसमध्ये तो नियमाप्रमाणे मागच्या बाकावर बसला. बस उत्तरेकडे सरकत गेली तसा तोही एकेक बाक पुढे सरकला. बेसबॉलचा विषय त्या प्रवासातच संपला.

१९६१ च्या उन्हाळ्यात बोस्टनने त्याला आधी सांगितलं, पुढच्या हंगामात तू आमच्याकडेच आहेस. काही आठवड्यांत त्याला मॉन्ट्रियलला देऊन टाकलं. मॉन्ट्रियलकडे तेव्हा खेळाडूंची इतकी रेलचेल होती की तिथे त्याला वर जागा मिळणं कठीणच होतं. थोड्याच दिवसांत तो वेस्टर्न हॉकी लीग या दुय्यम लीगमधल्या लॉस एंजेलिस ब्लेड्सकडे गेला. चरित्रकार सहसा इथे पान उलटतात. माझ्या मते खरी कारकीर्द इथे सुरू होते.

लॉस एंजेलिसला डाव्या विंगवर खेळाडू जास्त झाले होते, म्हणून प्रशिक्षकाने त्याला उजवीकडे हलवलं. कारण इतकं साधं. पण आता भिंत आंधळ्या बाजूला गेली आणि सगळा खेळ चांगल्या डोळ्यासमोर आला! पास डावीकडून येऊ लागला, मान वळवायची गरज उरली नाही. १९६४-६५ मध्ये त्याने ३८ गोल केले. १९६८-६९ मध्ये त्याच लीगमधल्या सॅन डिएगो गल्सकडून पुन्हा ३८, वर ४१ असिस्ट. तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. १९६७ मध्ये एनएचएलचे संघ सहावरून बारा झाले तरी त्याला कुणी बोलावलं नाही. आणि एनएचएलला दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू, माइक मार्सन, मिळायला १९७४ साल उजाडलं. हे अंतर मला पहिल्या तारखेपेक्षा जास्त बोलकं वाटतं.

ओरी सॅन डिएगोतच राहिला आणि १९७९ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी थांबला. नंतर तिथल्याच हॉटेल डेल कोरोनाडोमध्ये सुरक्षेचं काम केलं. १९९८ पासून एनएचएलने त्याला मुलांना हॉकीकडे आणण्याच्या कामाला जोडून घेतलं, आणि हे काम त्याने वर्षानुवर्षं शाळाशाळांत, रिंकारिंकांवर जाऊन केलं. त्याच बळावर २०१८ मध्ये हॉकी हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला, पण खेळाडू म्हणून नाही, ‘बिल्डर’ या, म्हणजे खेळ वाढवणाऱ्यांच्या विभागात. आकडे पाहता ते नियमाला धरून आहे. मला विचाराल तर आकड्यांच्या तक्त्यात ‘उजवा डोळा: नाही’ असा एक रकाना हवा होता.

१८ जानेवारी २०२२ ला बोस्टनने त्याचा २२ नंबरचा शर्ट कायमचा निवृत्त केला, म्हणजे तो नंबर आता संघात कुणालाच मिळणार नाही. कोविडमुळे तो सॅन डिएगोहून पडद्यावर हजर होता. बोस्टनला या सन्मानासाठी त्याच्या पदार्पणानंतर ६४ वर्षं लागली, आणि त्याच हिवाळ्यात अमेरिकी काँग्रेसने त्याला सुवर्णपदक देण्याचा कायदाही मंजूर केला.

आता तुमचे प्रश्न घेऊ.