नकुसा, धोंडू आणि कियान

(दृश्य: धूसर जुनं छायाचित्र. रांगेत उभ्या मुली, केसांत रिबिनी, हातात छोटासा पुष्पगुच्छ.)

सातारा, २२ ऑक्टोबर २०११. एकाच दिवशी २८५ मुलींचं बारसं.

पाळण्यात निजायचं वय या मुलींनी कधीच मागे टाकलं होतं. नाव त्यांना आधीपासून होतं, आणि त्याच नावामुळे त्या इथे आल्या होत्या. नकुसा. कुठे नकोशी, कुठे नकुशा. मुलगी झाली, पुन्हा मुलगी झाली, आता पुरे, पुढचा मुलगा होऊ दे, एवढं सगळं घरच्यांनी देवाला त्या तीन अक्षरांत सांगून टाकलेलं. निरोप देवाला होता, पण तो वागवायचा मुलीने. हजेरीत, रेशनकार्डावर, विहिरीवर, पुढे लग्नाच्या याद्यांमध्ये.

जिल्हा परिषदेने गावोगाव अशा मुली शोधल्या आणि त्यांना नवी नावं दिली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. हातात नव्या नावाचं प्रमाणपत्र आलं. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, आणि दहा वर्षांपूर्वी ९१३. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सगळ्यात आधी, १९८८ साली, कायदा करणारं राज्य हेच.

(दृश्य: उंबरा, तिथे बसलेली म्हातारी, मांडीवर नातवंड.)

ओबडधोबड नावं आपल्याकडे नवी नाहीत. दगडू, धोंडू, केरबा, कचरू, भिकाजी. आज ऐकून हसू येतं. पण ज्या घरात लागोपाठ दोन-तीन मुलं गेलेली असायची, तिथल्या आईने हे नाव कसं उच्चारलं असेल ते जरा मनात आणून बघा. हिशोब साधा होता: चांगलं दिसलं की दृष्ट लागते, काळाचं लक्ष जातं. म्हणून सांगायचं, अहो, हा तर दगड आहे, केर आहे, हा नेऊन काय करणार? कुठे मूल दुसऱ्याच्या ओटीत टाकायचे आणि भीक मागून परत घ्यायचे. मग तो भिकाजी.

दोन्ही नावं कुरूपच. फरक एवढाच, की धोंडू म्हणणाऱ्या आईला मूल हवं होतं आणि नकुसा म्हणणाऱ्या घराला ते नको होतं. नाव विचित्र आहे का, हा प्रश्न मला म्हणूनच दुय्यम वाटतो. ते ठेवताना कुणाची बाजू घेतली होती, हे आधी विचारावं.

आणि गंमत बघा. विधवांच्या आणि मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या, १९१६ साली महिला विद्यापीठ उभं करणाऱ्या आणि वयाच्या शंभरीत, १९५८ साली, भारतरत्न झालेल्या महर्षी कर्व्यांचं पाळण्यातलं नाव धोंडो.

(दृश्य: कुस्तीचा आखाडा, मॅटवर घासणाऱ्या बुटांचा आवाज.)

हरियाणात, हिसार जिल्ह्यातल्या भगाना गावात, एका घरात चौथी मुलगी झाली. नाव ठेवलं अंतिम. म्हणजे मुलींमध्ये ही शेवटची. २०२२ साली तीच अंतिम पंघाल वीस वर्षांखालच्या गटात कुस्तीची जगज्जेती झाली. भारतातली पहिली मुलगी. तिने नाव बदललं नाही. पण एवढ्यावरून ‘नावाने काही अडत नाही’ असं म्हणायला मी धजणार नाही. नावाला उत्तर द्यायला प्रत्येकीने जगज्जेतीच व्हायचं का?

(दृश्य: मोबाइलचा पडदा, त्यावर वर-खाली सरकणारी नावांची यादी.)

आता नावं गोड आहेत. अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. ‘कुणाचंच नसेल असं हवं’ ही पहिली अट, अर्थ त्यानंतर. यादीत नावापुढे बिनदिक्कत ‘विष्णूचा अंश’ नाहीतर ‘पहिला किरण’ लिहिलेलं असतं आणि ते कोणी पडताळत नाही. कियान घ्या. फारसीत त्याचा संबंध प्राचीन राजांशी, तेव्हा नाव म्हणून भारदस्तच. पण संस्कृतच्या मास्तरांसमोर तो उभा राहिला तर? संस्कृतात कियान् म्हणजे ‘केवढा?’ मुलगा आयुष्यभर स्वतःच प्रश्न होऊन बसायचा.

अर्थ स्पष्ट असावा, उच्चार सोपा असावा, ही अट काही आजची नाही. मुलीचं नाव सुखाने उच्चारता येणारं, कठोर नसलेलं, मन मोहवणारं असावं, असं मनुस्मृतीतही आहे. त्याच ग्रंथात, नदीचं, झाडाचं किंवा नक्षत्राचं नाव असलेली मुलगी बायको करू नये, असंही आहे. आपण गोदावरी, तुळसा आणि रोहिणी ठेवून त्याला केव्हाच वाटेला लावलं, ते बरंच झालं.

उच्चाराचं दुखणं मराठी माणसाला नीट ठाऊक आहे. प्रज्ञा पुण्यात प्रज्ञा असते, दिल्लीत प्रग्या होते. इंग्रजीत आपण ‘ज्ञ’साठी डी-एन-वाय लिहितो आणि परदेशातला माणूस त्या तीन अक्षरांकडे नुसता बघत राहतो. त्यात अंकशास्त्रवाल्याने एक ए वाढवून दिला, की जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर तिसरं. मग राजपत्रात नाव बदलून घ्या.

(दृश्य: महापालिकेची खिडकी, अर्ज भरणारा हात.)

एक व्यवहाराची गोष्ट. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण त्यात नाव असलंच पाहिजे असं नाही. नावाशिवाय नोंद होते आणि बारा महिन्यांत नाव फुकट घालून मिळतं. नंतर शुल्क भरून. तेव्हा दवाखान्यातून सुटी मिळायच्या गडबडीत, अर्जावर, समोरच्या खोलीतल्या बाईने सुचवलेलं नाव लिहू नका. शिवाय महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव येतं. चारही शब्द एका दमात म्हणून पाहा. संध्याकाळी गच्चीतून खाली मैदानात हाक मारून पाहा. पोरं त्याचं काय चिडवाचिडवीचं नाव करतील, ते घरातल्या दहा वर्षांच्या भाच्याला विचारा. त्याच्याइतका जाणकार दुसरा नाही.

(दृश्य: पाळणा. झेंडूच्या माळा, घुगऱ्यांचं पातेलं.)

बारशाला बाळाआधी पाळण्याच्या वरून-खालून फिरतो तो वरवंटा. टोपडं घातलेला, हळदकुंकू लावलेला दगड. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या.’ सटवाईने तिचं काम आधीच उरकलेलं असतं, पाचवीच्या रात्री कपाळावर जे लिहायचं ते लिहून. उरलेला एक शब्द मात्र माणसांकडे असतो.

आत्या वाकते. कानाशी ‘कुर्रर्र’ करते, नाव सांगते. तिच्या पाठीत बुक्के बसतात, बायका खिदळतात. बाळ झोपलेलं.

कोपऱ्यातल्या खुर्चीत पणजी. कानावर हात धरून विचारते, “काय ठेवलं?” कुणीतरी पुन्हा सांगतं. ती ते नाव तोंडात घोळवून बघते, एकदा चुकते. दुसऱ्यांदा म्हणते.