आधी पत्रा, मग पलंग

हा आवाज ऐकताय ना, टप टप टप, तो ताम्हिणीतल्या जुलैच्या पावसाचा आहे आणि तो बाहेरून नाही, आतून येतोय, आमच्या नव्या कोऱ्या गादीवर. तीन महिने खपून आम्ही बहीणभावाने ट्रॅव्हलर गाडीचं राहतं घर केलं होतं. सुताराकडून पलंग, कपाट, छान पॉलिश, सगळं झालेलं. आणि त्या रात्री तीन वाजता मी आणि दादा पातेली लावत बसलो होतो.

म्हणून या व्हिडिओत पलंग शेवटी दाखवणार आहे.

गाडी जुनी फोर्स ट्रॅव्हलर. कंपनी बजाज टेम्पोची फोर्स मोटर्स झाली त्याला, म्हणजे 2005 ला, किती वर्षं झाली, तरी नाना पेठेत स्पेअर मागताना आजही टेम्पो ट्रॅव्हलरच म्हणायचं. ही घ्यायचं कारण एकच, आत ताठ उभं राहता येतं. वाकून वाकून स्वयंपाक दोन दिवस जमतो, महिनाभर नाही जमत.

हे बघा छत. आधीच्या मालकाने सामानासाठी कॅरिअर लावलं होतं, ते काढून बोल्टची भोकं नुसत्या सिलिकॉनने बुजवलेली, आणि आम्ही खालून सीलिंग मारून ती झाकून टाकली. पाणी भोकातून आत येतं, पत्र्याच्या पन्हाळीतून वाहत जातं आणि टपकतं भलत्याच ठिकाणी, त्यामुळे जिथे ओल दिसते तिथे भोक नसतंच. सगळं उपसलं मग. सीलिंग, फोम, वायरी, अगदी फ्लोअरचं प्लायसुद्धा. गंज घासून पार चकचकीत पत्रा लागेपर्यंत गेलो, प्रायमर मारला, भोकांवर पत्र्याचे तुकडे वेल्ड करून घेतले आणि सांध्यांवर पीयू सिलंट, म्हणजे पॉलियुरेथेनचं लवचिक सिलंट, कारण गाडी हलते, पत्रा तापून फुगतो, रात्री आकसतो, आणि साधं सिलिकॉन कालांतराने पत्रा सोडतं. मग कार वॉशवाल्याला सांगून अर्धा तास वरून पाइप मारला आणि आम्ही आत टॉर्च घेऊन बसलो. हे काम एप्रिलमध्येच करायचं असतं हो.

उन्हाळ्याचं पण तसंच. इन्सुलेशनला काचेची लोकर भरू नका असं मी तरी म्हणेन, ती हादऱ्यांनी खाली बसते आणि ओल धरते. आम्ही नायट्राइल रबरची शीट चिकटवली, लोखंडी फासळ्यांवरून सुद्धा, कारण उष्णता तिथूनच आत घुसते.

आता वीज, इथे घाई करायची नाही, वही घेऊन बसायचं. आमचा 12 व्होल्टचा फ्रिज चालू असताना साधारण 45 वॉट घेतो, निम्मा वेळ चालतो असं धरलं तर दिवसाला 540 वॉट-अवर, पंखा, लाइट, लॅपटॉप मिळून अजून 400. 100 अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी म्हणजे 1280 वॉट-अवर. म्हणजे एक दिवस निघतो, दुसरा नाही. छतावर 330 वॉटचं पॅनल आहे, मे महिन्यात ते पुरून उरतं पण श्रावणात त्याच्या भरवशावर राहता येत नाही, म्हणून गाडी चालू असताना अल्टरनेटरवरून चार्ज होईल असा डीसी चार्जर लावला. इंडक्शन मात्र नाही. 1500 वॉटला बॅटरीतून सव्वाशे अँपिअरच्या वर करंट खेचला जातो, त्याला बोटाएवढी जाड केबल लागते. आणि मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी शेजारी हवा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामध्ये वायर घासली तर ती वाचवणारं मध्ये काहीच नाही.

गॅसच ठेवला मग. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की खाली जमिनीवर साचतो, म्हणून सिलिंडरचा खण आतून बंद आणि त्याच्या तळाला थेट रस्त्याकडे उघडणारं भोक. वर एक्झॉस्ट, नाहीतर फोडणीचा वास गादीतून जातच नाही.

आई बघायला आली तेव्हा म्हणाली, झोपायचं कळलं रे, पाय कुठे धुवायचे? त्यामुळे मागच्या दाराशी नळ आला आणि 80 लिटरची टाकी, म्हणजे 80 किलो, ती दोन्ही चाकांच्या मध्ये, खाली. 18 मिलीच्या प्लायची एक शीटच तीस-पस्तीस किलो भरते, म्हणून कपाटं 9 मिलीत केली. सगळं भरून वजनकाट्यावर नेली, पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी, आणि आकडा आरसीवरच्या वजनाशी ताडून पाहिला.

आरसीवरून आठवलं. सीट काढल्या की बैठक क्षमता बदलते आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52, म्हणजे गाडीत फेरफार करण्याबद्दलचं, तिथे आडवं येतं. मोटार कॅराव्हॅनसाठी, म्हणजे अशा राहत्या गाड्यांसाठी, एआयएस 124 हे वाहन उद्योगाचं वेगळं स्टँडर्ड आहे. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, छान झालं, पण त्यामुळे घरी ठोकठाक केलेली गाडी आपोआप कायदेशीर होत नाही. पहिला स्क्रू काढायच्या आधी आरटीओत जा.

आज परत ताम्हिणी, परत जुलै. आईने मागच्या दारात पाय धुतले, चहा झाला, ती झोपलीये. दादा टॉर्च घेऊन कोपरे चाचपतोय. तीन कोरडे आहेत. चौथ्यात, ड्रायव्हरच्या डोक्यावर, बोटाला किंचित ओल लागली. उद्या खाली उतरलो की आधी तो उघडायचा.