वरून दिसणारे रान

मित्रहो, ड्रोनने जंगल मोजता येते का, हा प्रश्न वनरक्षकांच्या प्रशिक्षणवर्गात मला हमखास विचारला जातो. माझे उत्तर ठरलेले आहे: जंगलाचे छत मोजता येते, त्याच्याखाली काय आहे हे पाहायला मात्र अजूनही चालावेच लागते.

लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर 30 मीटर लांब आणि तितकाच रुंद असतो. त्या 900 चौरस मीटरांत साग किती, ऐन किती, हे ओळखण्याचा प्रश्नच येत नाही. ड्रोन शंभरेक मीटरवरून उडवला, तर साध्या कॅमेऱ्याचा ठिपकाही तीन-चार सेंटिमीटरांचा होतो. झाडाचा पसारा तर दिसतोच, पण फुले वेचण्यासाठी मोहाखाली झाडून ठेवलेला गोलही दिसतो.

खरा प्रश्न आहे तो ड्रोन केव्हा उडवायचा याचा. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या पानझडी रानात श्रावणात सगळेच हिरवे असते आणि कोणते झाड कोणते, हे वरून सांगणे कठीण जाते. फाल्गुनात मात्र पळस नारिंगी होतो, कुसुमाला तांबडी पालवी फुटते, साग उघडाबोडका उभा असतो. झाडे जणू आपली ओळख आपणच सांगतात. शिवाय पाने गळल्यामुळे जमीन दिसते. उन्हाळ्यातल्या चित्रांवरून जमिनीची उंची काढायची, पावसाळा सरल्यावर पुन्हा उडवून छताची उंची काढायची आणि दुसरीतून पहिली वजा करायची, म्हणजे झाडांची उंची हाती येते. त्यासाठी लागोपाठची छायाचित्रे सत्तर-ऐंशी टक्के एकमेकांवर यावी लागतात आणि जमिनीवर चुन्याच्या फुल्या मारून त्यांची जागा नेमकी मोजावी लागते. या फुल्या सकाळी लवकर मारू नयेत. आमच्या फुल्या एकदा ड्रोन उडण्याआधीच गुरांच्या खुरांखाली गेल्या होत्या!

सागाखालचा बांबू, रोपवनातली कोवळी रोपे आणि छातीच्या उंचीवरचा खोडाचा घेर या गोष्टी छायाचित्रांतून नीट मिळत नाहीत. लेसर किरणांनी मोजणारे लायडार पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोहोचते खरे; पण ते महाग असते आणि दाट छताखाली तेही अपुरे पडते.

वणव्याच्या बाबतीत उपग्रहाचा इशारा मोलाचा असतो, मात्र उपग्रहावरून आग टिपणाऱ्या व्हीआयआयआरएस या यंत्रणेचा ठिपका 375 मीटरचा, म्हणजे सुमारे चौदा हेक्टरांचा आहे. त्यात आग नेमकी नाल्याच्या कोणत्या अंगाला आहे, हे ड्रोन सांगू शकतो. उष्णता टिपणारा कॅमेरा दुपारी वापरू नये, कारण तापलेले खडकही आगीसारखेच दिसतात. विझलेल्या पट्ट्यात धुमसणारे ओंडके पहाटे स्पष्ट उमटतात. माझ्या मते ड्रोनचा सर्वांत साधा आणि सर्वांत कमी वापरला जाणारा उपयोग आगीच्या आधीचा आहे: उन्हाळा लागण्यापूर्वी जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे, खरोखर साफ झाल्या आहेत की केवळ कागदावर, हे एका फेरीत कळते.

हाच कॅमेरा माणसांवरही रोखला जातो, हे विसरून चालणार नाही. उत्तराखंडातल्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात कॅमेरा-ट्रॅप (प्राण्यांची छायाचित्रे आपोआप टिपणारे कॅमेरे) आणि ड्रोन यांची सरपणाला जाणाऱ्या बायकांवर नजर राहिल्याने त्यांचा रानातला वावर कसा आक्रसला, हे 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आले आहे. वनजमिनीवरच्या हक्कांचे दावे ज्यांनुसार तपासले जातात, त्या वनहक्क नियमांच्या 2012 च्या दुरुस्तीतही उपग्रहचित्रे आणि तत्सम तंत्रज्ञान अन्य पुराव्यांना पूरक मानावे, त्यांना पर्याय नव्हे, असे स्पष्ट म्हटले आहे.

म्हणून उड्डाणाचा दिवस आधी गावात सांगावा आणि तयार झालेला नकाशा मोठ्या कागदावर छापून ग्रामसभेत अंथरावा. लोक आधी पाणवठा शोधतात, मग नाला, मग देवस्थान. आणि थोड्या वेळाने कोणीतरी बाई वाकून, झाडांच्या छताखाली दडलेली आपली पायवाट बोटाने दाखवते. ती तिथल्या तिथे पेन्सिलीने काढून घ्यावी.