28 गुण आणि एक न उच्चारलेला शब्द

(दृश्य: रात्र. कारखान्यावरचं दिव्यांचं वर्तुळ.)

जर्मनीतल्या लेव्हरकुझेनमध्ये रात्री वाट चुकलात, तर मान वर करा. दोन मनोऱ्यांच्या मधे टांगलेलं, 51 मीटर व्यासाचं दिव्यांचं वर्तुळ दिसेल. त्यात एकच नाव उभं आणि आडवं लिहिलंय. बायर. डोकं धरलं की आपण जी ॲस्पिरिन घेतो, ती काढणारी कंपनी. हेच चिन्ह या गावच्या फुटबॉल क्लबच्या छातीवर आहे.

(दृश्य: सकाळ. स्टेडियमकडे जाणारी माणसं, गळ्यात लाल-काळे मफलर.)

12 नोव्हेंबर 2023, रविवार. जर्मन लीगच्या मोसमातले 10 सामने झालेत. बायर लेव्हरकुझेनने त्यातले नऊ जिंकलेत, एकात बरोबरी, हार एकही नाही. गुण 28. दहाव्या फेरीअखेर गुणतक्त्यात पहिला नंबर. बायर्न म्युनिक तेव्हा दोन गुणांनी मागे होतं; काल आपला अकरावा सामना जिंकून ते तात्पुरतं एका गुणाने पुढे गेलंय, आणि हे बायर्न सलग 11 वर्षं विजेते आहेत. आज युनियन बर्लिनशी सामना आहे.

आता या चेहऱ्यांकडे बघा. आज जिंकलं की ज्यांचा संघ पुन्हा अव्वल होणार आहे, त्यांचे हे चेहरे. हसू आहे, पण ओठांच्या कोपऱ्यात दाबलेलं. या गृहस्थांनी गुणतक्त्याचं पान उघडलं, बघितलं, आणि कुणी पाहिलं तर नाही ना अशा घाईने फोन खिशात घातला. मघापासून त्यांनी हे तीनदा केलंय.

जर्मन भाषेत विजेत्याला 'माइस्टर' म्हणतात. पार्किंगपासून फाटकापर्यंत आमच्या माइकवर बरंच काही आलं. खेळाडूंची नावं आली, गाणी आली, रेफ्रीचा उद्धार आला. हा एक शब्द नाही आला. रात्रीच्या वेळी सापाला साप म्हणायचं नाही, लांबडं म्हणायचं, तसलाच प्रकार. का, हे कळायला जरा मागे जावं लागेल.

(दृश्य: जुने कृष्णधवल फोटो. कारखान्याचं फाटक, कामगारांचे गट.)

नोव्हेंबर 1903. बायर कंपनीतल्या विल्हेल्म हाउशिल्ड नावाच्या कर्मचाऱ्याने कंपनीला एक पत्र लिहिलं. आम्हाला खेळाचा क्लब काढायचाय, मदत करा, अशी विनंती. खाली 170 सहकाऱ्यांच्या सह्या. कंपनीने होकार दिला आणि 1 जुलै 1904 रोजी क्लब सुरू झाला. आजच्या नावातला '04' तो हाच.

या गावाचंच मूळ कारखान्यात आहे. कार्ल लेव्हरकुस नावाच्या माणसाने इथे निळ्या रंगाचा कारखाना काढला आणि वस्तीला आपल्या घराण्याचं नाव दिलं. पुढे बायरने ती जागा घेतली. लेव्हरकुझेन हे शहर म्हणून कागदावर आलं ते 1930 साली. म्हणजे क्लब शहरापेक्षा 26 वर्षांनी मोठा. आम्ही हे दोनदा तपासलं.

फोटोतले हे हात नीट बघा. विरोधी संघांचे चाहते या क्लबला 'गोळ्या वळणारे' म्हणून चिडवतात. कारखान्याचा क्लब, कंपनीच्या पैशावर पोसलेला, असा टोमणा. त्याला नियमाचाही आधार देतात. जर्मनीत क्लबवर सभासदांचं बहुमत असावं लागतं, 50 टक्के अधिक एक मत. ज्या कंपनीने वीस वर्षांहून जास्त काळ क्लब सांभाळलाय, तिला सूट मिळते, आणि लेव्हरकुझेन त्या सवलतीत बसतं. ठीक आहे. पण बायर्नचं स्टेडियम एका विमा कंपनीच्या नावाने आहे आणि तीच कंपनी त्यांची भागीदारही आहे, हे टोमणा मारताना कुणाला आठवत नाही. इथे निदान मागणी खालून वर गेली होती, सह्यांचा कागद घेऊन.

(दृश्य: स्टेडियमची काचेची कडा. शेजारून वाहणारी ड्यून नदी.)

30,210 जणांचं हे बायअरेना. बायर्नच्या स्टेडियमच्या निम्मंही नाही. संघ 1979 मध्ये पहिल्या श्रेणीत आला आणि नंतर कधी खाली घसरला नाही. 1988 मध्ये युएफा कप ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा जिंकली. फायनलच्या पहिल्या टप्प्यात एस्पान्योलकडून 3-0 अशी हार, दुसऱ्या टप्प्यात 3-0 अशी परतफेड, आणि मग पेनल्टी. 1993 मध्ये जर्मन कप, ही लीगहून वेगळी, बाद फेरीची स्पर्धा. लीग मात्र या नोव्हेंबरपर्यंत कधीच नाही. आणि ती कशी नाही, हे पाहण्यासारखं आहे.

(दृश्य: 20 मे 2000, उंटरहाकिंग.)

म्युनिकच्या वेशीवरचं उंटरहाकिंग. मोसमाचा शेवटचा दिवस. लेव्हरकुझेनकडे तीन गुणांची आघाडी, नुसती बरोबरी झाली तरी लीग त्यांची. 21व्या मिनिटाला मिशाएल बालाकने चेंडू अडवायला पाय घातला आणि चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला. नंतर आणखी एक गोल. 2-0. तिकडे बायर्नने आपला सामना जिंकला, गुण सारखे झाले, आणि गोलफरकावर लीग बायर्नकडे गेली.

(दोन सेकंद आवाज बंद. बालाकचा चेहरा.)

दोन वर्षांनी, 2002. तीन सामने उरलेले, पाच गुणांची आघाडी. घरच्या मैदानावर ब्रेमेनने हरवलं, मग न्यूर्नबर्गने. 4 मे रोजी डॉर्टमुंडने एका गुणाने लीग नेली. 11 मे, बर्लिन, जर्मन कपची फायनल. शाल्केकडून 4-2 अशी हार. 15 मे, ग्लासगो, चॅम्पियन्स लीगची फायनल. रेआल माद्रिद 2, लेव्हरकुझेन 1. आणि हा तो गोल. चेंडू उंचावरून खाली येतोय, झिदान अर्धा वळलेला, डावा पाय. फुटबॉलचं वेड असलेल्या प्रत्येकाने हा गोल शंभरदा पाहिला असेल. एकदा या गावच्या बाजूने पाहा.

11 दिवसांत तीन घास तोंडाशी येऊन गेले. त्यातूनच नाव पडलं, 'फिट्सेकुझेन'. फिट्से म्हणजे उप. उपविजेत्यांचं गाव. क्लबने 2010 मध्ये तो शब्द रीतसर आपल्या नावावर नोंदवून घेतला. शिवी दुसऱ्याच्या हातात राहण्यापेक्षा आपल्या कपाटात बरी, असा विचार असावा.

म्हणून हे गृहस्थ फोन खिशात घालतात.

(दृश्य: सरावाचं मैदान, जाळीच्या बाहेरून.)

हा बारीक चणीचा माणूस शाबी आलोन्सो. खेळाडू म्हणून विश्वचषक जिंकलेला. 5 ऑक्टोबर 2022 रोजी त्याने संघ हाती घेतला, तेव्हा आठ सामन्यांत पाच गुण होते आणि 18 संघांत नंबर सतरावा. त्याआधी तो रेआल सोसिएदादच्या दुय्यम संघाचा कोच होता, मोठ्यांच्या फुटबॉलमधला एवढाच अनुभव. पहिल्याच सामन्यात शाल्केवर 4-0. मोसम संपला तेव्हा संघ सहावा.

मग उन्हाळ्यात माणसं आली. आर्सेनलमधून ग्रानिट झाका, बेन्फिकामधून ग्रिमाल्डो, बेल्जियममधून बोनिफेस, ग्लाडबाखमधून होफमान. फ्लोरियान विर्ट्स आधीपासून होताच, 20 वर्षांचा. गुडघ्याच्या दुखापतीमुळे मार्च 2022 पासून त्या वर्षअखेरपर्यंत तो मैदानाबाहेर होता.

जाळीतून दिसणारा हा खेळ बघा. मागे तीन बचावपटू, मधे झाका. दोन्ही कडांना दोन विंगबॅक, म्हणजे बचावही करणारे आणि कडेने पुढे धावणारेही, डावीकडे ग्रिमाल्डो, उजवीकडे फ्रिंपाँग. चेंडू झाकाकडे येतो, परत जातो, पुन्हा येतो. कंटाळवाणं वाटेल. समोरच्याचा एक पाय जागचा हलेपर्यंत हे चालतं. तो हलला, की चेंडू कडेला, आणि फ्रिंपाँग सुटलेला. आलोन्सो स्वतःच चेंडू मारून पास कसा जायला हवा ते दाखवतोय. चाळिशी ओलांडलेला कोच, आणि मैदानातला सगळ्यात स्वच्छ पास अजूनही त्याचाच. हे दृश्य आम्ही कापणार होतो, पण नाही कापलं.

(दृश्य: 15 सप्टेंबर 2023, म्युनिक.)

10 सामन्यांतला एकच निवडायचा तर हा. बायर्नच्या घरी. सातव्या मिनिटाला हॅरी केनचा गोल. ग्रिमाल्डोची फ्री किक, 1-1. 86व्या मिनिटाला गोरेट्झका, 2-1. इथे जुनं लेव्हरकुझेन असतं तर गोष्ट संपली असती. 94व्या मिनिटाला पेनल्टी. पालासिओस. 2-2. पाहुण्यांच्या कोपऱ्यातले हे चाहते बघा. काही जण नाचतायत. काही जण नुसतेच उभे आहेत, हात डोक्यावर.

(दृश्य: बायअरेनाच्या बाहेर. सामना सुरू. रस्ता रिकामा.)

कॅमेरा बाहेरच आहे. आतून येणारा आवाज ऐका.

(गर्जना.)

ग्रिमाल्डो.

(मध्यंतर. सॉसेजच्या गाडीवर रांग. पुन्हा गर्जना, दुसरी, तिसरी, चौथी.)

4-0. 11 सामने, 31 गुण.

(दृश्य: गर्दी बाहेर पडतेय.)

पुढचं थोडक्यात. 14 एप्रिल 2024 रोजी, पाच सामने बाकी असतानाच, याच मैदानावर ब्रेमेनला 5-0 हरवून लेव्हरकुझेनने पहिल्यांदा लीग जिंकली. 34 सामने, हार एकही नाही, 90 गुण. मे महिन्यात युरोपा लीगच्या फायनलमध्ये इटलीच्या आतालांताकडून 3-0 अशी हार झाली आणि तीन दिवसांनी जर्मन कप मिळाला.

आमचं चित्रण मात्र त्या नोव्हेंबरच्या रविवारचं. शेवटचं दृश्यही तेव्हाचंच. ते गृहस्थ पुन्हा समोरून येतायत. मफलर कोटाच्या आत, फोन हातात. पान उघडलंय. या खेपेला थोडा वेळ बघतायत. मग दिव्यांच्या वर्तुळाकडे पाठ करून स्टेशनची वाट धरतात.

(दृश्य लांबत जातं. निवेदन नाही.)