हाताने तीन आटे गेला म्हणजे बोल्ट बरोबर आहे असं नाही

नमस्कार मंडळी. आज नट-बोल्टवर बोलायचंय. जुनी गाडी रिस्टोअर करणारा माणूस इंजिन, पेंट, क्रोम यावर तासन्‌तास बोलतो आणि बोल्टचा डबा मात्र अगदी शेवटी उघडतो, हे मी बरीच वर्षं बघतोय. माझं उलट आहे. गाडी खोलायच्या पहिल्या दिवसापासून मी बोल्ट सांभाळतो, कारण गाडी परत जोडताना सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं आणि ते बऱ्याचदा दिसतही नाही.

सुरुवातीच्या दिवसातली गोष्ट सांगतो. ब्रिटिश गाडी होती, ॲल्युमिनियमच्या कव्हरचा एक बोल्ट हरवला होता, म्हणून डब्यातून त्याच जाडीचा, अडीच सुती, म्हणजे ५/१६ इंचाचा, छान चकचकीत बोल्ट काढला आणि लावला. हाताने तीन आटे मस्त गेला, मग जड झाला. मला वाटलं आत कचरा असेल, पाना लावला, तर गेला की आत! शेवटचा टाइट मारताना तो एकदम हलका झाला आणि नुसता फिरायला लागला. बाहेर काढला तर त्याच्याभोवती चांदीच्या तारेसारखी बारीक गुंडाळी होती. ते भोकातले आटे होते. पन्नासेक वर्षं टिकलेले आटे मी अर्ध्या मिनिटात काढून हातात घेतले होते, आणि ती गुंडाळी मला अजून डोळ्यासमोर दिसते.

झालं काय होतं ते नीट बघा. भोक होतं बीएसएफ, म्हणजे ब्रिटिश स्टँडर्ड फाइन, इंचाला २२ आटे. बोल्ट होता यूएनएफ, म्हणजे युनिफाइड फाइन, इंचाला २४ आटे. दोघांची जाडी एकच. फरक एका आट्यात कळतच नाही, पण तो साठत जातो, सहाव्या आट्यापर्यंत बोल्ट अर्धा आटा मागेपुढे झालेला असतो, म्हणजे बोल्टचा शिखराचा भाग भोकातल्या शिखरावरच येऊन बसतो. स्टीलमध्ये तो अडकतो, ॲल्युमिनियममध्ये कापत जातो. म्हणून हाताने जात होता आणि मग जड झाला की तिथेच थांबायचं, पाना उचलायचा नाही. नीट धुतलेल्या भोकात बरोबर बोल्ट शेवटपर्यंत बोटांनी जातो.

हा घोळ आला कुठून, तर जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचं पहिलं स्टँडर्ड मांडलं, आट्याच्या दोन बाजूंमधला कोन ५५ अंश आणि शिखरं गोलसर. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंश घेतला. बीएसएफ १९०८ मध्ये आलं. दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडच्या मशिनरीचे पार्ट एकमेकांना लागेनात, तेव्हा १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडाने मिळून ६० अंशाचं युनिफाइड ठरवलं, त्यातलेच आपले यूएनएफ (बारीक आटे) आणि यूएनसी (जाड आटे). पण कारखाने काही एका रात्रीत बदलले नाहीत, त्यामुळे १९५० च्या दशकातल्या ब्रिटिश गाडीवर जुनं-नवं एकत्र सापडतं, आणि इलेक्ट्रिकल्स आणि मीटरमध्ये तिसरंच, बीए, म्हणजे ब्रिटिश असोसिएशन, ज्याचा कोन साडेसत्तेचाळीस अंश.

आणि एमजी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या टी सिरीजचं एक्सपीएजी इंजिन बघितलंय का कोणी? हे इंजिन बनवणाऱ्या मॉरिसने १९२३ मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीचा कारखाना घेतला, तिथल्या मशिनी मेट्रिक आटे पाडायच्या. म्हणून त्या इंजिनात एम ८ चे, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीचे, एक मिलिमीटर पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) आटे आहेत आणि बोल्टचं डोकं मात्र व्हिटवर्थ पान्याचं! डोकं बघून बोल्ट ओळखला तर इथे हमखास फसगत. मला मात्र या इंजिनाचं फार प्रेम आहे, एका बोल्टात दोन देश दिसतात.

पान्याचं पण सांगतो. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, तोंडाचा नाही. १/४ लिहिलेल्या पान्याचं तोंड ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिलिमीटर भरतं. तिथे १३ चा पाना जात नाही, म्हणून लोक १४ चा लावतात आणि कोपरे गोल करून ठेवतात. आणि हाच १/४ चा पाना बीएसएफमध्ये ५/१६ च्या बोल्टला लागतो, कारण बीएसएफची डोकी एक साइज लहान. एकदा लक्षात बसलं की सोपं आहे.

मग ओळखायचं कसं. व्हर्नियरने जाडी घ्या, ती नावातल्या मापापेक्षा थोडी कमीच येते. मग पिच गेज, म्हणजे आट्यांसारखे दात असलेली पट्टी, आट्यांवर ठेवून उजेडासमोर धरा, आणि निदान दहा आट्यांची लांबी धरून बघा, दोन-तीन आट्यांवर २२ आणि २४ सारखेच दिसतात. भोकाचे आटे मोजायचे असतील तर मऊ लाकडाची काडी हळू फिरवून आत घाला, तिच्यावर ठसा उमटतो. १/४, ५/१६ आणि ३/८ मध्ये व्हिटवर्थ आणि यूएनसीचे आटे इंचाला सारखेच, म्हणजे २०, १८ आणि १६, फक्त कोन वेगळा, म्हणून ते एकमेकांत बसतात पण नीट टेकत नाहीत. अर्ध्या इंचात तर १२ आणि १३, तिथे बसतच नाहीत. आणि गंजलेलं भोक साफ करायला टॅप फिरवू नका, टॅप धातू कापतो, थ्रेड चेझर वापरा, तो आटे न कापता नुसते साफ करतो.

आता ताकद. डोक्यावरच्या खुणा वाचायला शिका. अमेरिकन बोल्टवर तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा म्हणजे ग्रेड ८, काहीच नसेल तर साधा समजा. मेट्रिकवर ८.८ म्हणजे ८०० मेगापास्कल ताणाला तुटतो. जुन्या ब्रिटिश बोल्टवर आर, एस, टी, व्ही अशी अक्षरं सापडतात, आर ४५ टनाचा, व्ही ६५ टनाचा, दर चौरस इंचाला. स्टीअरिंग, सस्पेन्शन, ब्रेक इथे चकाकतो म्हणून स्टेनलेस लावू नका. नेहमीचा स्टेनलेस, ए२-७०, हा ८.८ पेक्षा कमी ताकदीचा आहे, शिवाय टाइट करताना तो स्वतःच्याच नटात चिकटून बसतो. आणि हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताकदीच्या, बोल्टला झिंक प्लेटिंग करून घ्यायचं असेल तर प्लेटिंग झाल्याबरोबर भट्टीत तापवून घेतील ना ते आधी विचारा, कारण ॲसिड आणि प्लेटिंगमध्ये हायड्रोजन आत शिरतो आणि बोल्ट लावल्यावर काही तासांनी, कधी दिवसांनी, काही ताण न वाढवता तुटतो.

सगळ्यात वाईट म्हणजे ब्रेक पाइपचं युनियन, म्हणजे पाइप जोडणारा पोकळ नट. ३/८ यूएनएफची जाडी साडेनऊ मिलिमीटर, पिच १.०६. ब्रेकला लागणाऱ्या एम १० ची पिच १. तीन सुती युनियन एम १० च्या भोकात छान फिरतं, शेवटी टाइटही वाटतं, पण आट्यांची पकड अर्धवट असते. जोरात पेडल दाबलं आणि ते निसटलं तर पेडल थेट फ्लोअरवर. एका गाडीच्या मास्टर सिलिंडरवर मला असं लावलेलं सापडलं, आधी कोणीतरी लावून दिलेलं, आणि ती गाडी तशीच रस्त्यावर फिरत होती. सोडवताना हात थरथरले माझे.

तुम्ही आणलेले बोल्ट इथे टेबलावर आहेत, भिंग, व्हर्नियर आणि दोन गेज सेट पण आहेत, एक ५५ अंशाचा आणि एक ६० चा. प्रत्येकाने आपला एक बोल्ट उचला, आधी धुवा, मग मोजा, आणि जो कळत नाही तो माझ्याकडे घेऊन या, मी इथेच आहे.