काकांनी खोटं का सांगितलं

नमस्कार. जेवणानंतरचं सेशन मला दिलंय, त्यावरून आयोजकांचा माझ्यावर राग आहे हे कळलंच. झोप आली तर खुशाल झोपा, फक्त घोरू नका.

विषय रिफ्लेक्टिव्ह रायटिंगचा, म्हणजे मेडिकलच्या पोरांनी वॉर्डातल्या अनुभवाकडे मागे वळून बघत लिहिण्याचा. हे आपल्याकडे कसं आलं ते सगळ्यांना माहितीये, 2018 ला एमसीआयने, म्हणजे तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने, एटकॉमचं (डॉक्टरची वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद शिकवण्याचं) पुस्तक काढलं, 2019 च्या बॅचपासून नवा अभ्यासक्रम लागू झाला आणि पोरांच्या लॉगबुकात रिफ्लेक्शन नावाचं पान आलं. पान आलं की ते भरायचं, भरलं की त्यावर सही. मी एका दुपारी चहा पिता पिता साठेक सह्या ठोकल्यात, न वाचता, खोटं कशाला बोलू. मग एकदा ओपीडी लवकर संपली म्हणून वाचायला बसले तर जवळजवळ सगळ्यांचं सारखंच, "आज मला एम्पथीचं महत्त्व समजलं, यापुढे मी पेशंटशी नीट बोलेन." एकाने स्पेलिंग चुकवलं होतं, तीच चूक पुढच्या अकरा वह्यांत. ग्रुपवरून फिरलेला माल. आता तर तेवढीही चूक सापडत नाही, चॅटजीपीटी एकदम शुद्ध लिहून देतं.

पण पोरांना काय बोलणार? आपण विचारतो "तुला काय वाटलं", आणि खाली मार्कांचा चौकोन. मग जे वाटल्याने मार्क मिळतात तेच त्यांना वाटतं.

म्हणून मी भावना विचारणं बंद केलं. नियम एकच ठेवला, पेशंटच्या तोंडचं कमीत कमी एक वाक्य जसंच्या तसं लिहायचं आणि ते बोलताना कॉटजवळ कोण कोण होतं ते लिहायचं. भाषा कुठलीही चालेल, मराठी, हिंदी, मिक्स. या भाषेच्या सवलतीने जेवढा फरक पडला तेवढा बाकी कशानेच नाही पडला. बघा ना, आजी म्हणते "पोटात कालवतंय", केसशीटवर होतं नॉशिया. आजी म्हणते "जीव घाबराघुबरा होतो", आपण लिहितो पाल्पिटेशन, आणि तिला नेमकं धडधडतंय की दम लागतोय की नुसती काळजी वाटतेय हे विचारायचं राहूनच जातं. केसशीट इंग्रजीत असू दे, तिथे ते लागतंच. पण कुठेतरी आजीचं वाक्य आजीच्याच तोंडचं राहायला हवं की नको? न्यूयॉर्कला कोलंबिया युनिव्हर्सिटीत डॉक्टर रिटा शेरॉन यांनी 1993 मध्ये हेच सुरू केलं, पॅरलल चार्ट म्हणून, जे केसशीटवर लिहिता येत नाही पण कुठेतरी लिहायलाच हवं ते तिथे लिहायचं.

गिब्सची सायकल, म्हणजे अनुभवावर टप्प्याटप्प्याने विचार करायची आकृती, वगैरे मी आज घेत नाही, 1988 पासून ती प्रत्येक वर्कशॉपच्या स्लाइडवर आहे, गोल काढायचा आणि सहा बाण.

एक उदाहरण सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय. सेकंड इयरची मुलगी, पहिलीच पोस्टिंग. पोटात पाणी झालेले एक काका. तिने लिहिलं, "काकांनी दारूबद्दल खोटं सांगितलं. पेशंट खरं बोलत नाहीत म्हणून कम्युनिकेशन अवघड होतं." मी कडेला पेन्सिलने एवढंच लिहिलं, "तेव्हा तिथे कोण होतं?" मार्क नाहीत, शेरा नाही. वही परत.

आठवड्याने वही आली. "मुलगा कॉटला टेकून उभा होता. काका म्हणाले, 'नाय बा, आपल्याला तसलं काय नाय.' मी केसशीटमध्ये लिहीत होते. बाजूच्या कॉटवरच्या मावशी नंतर म्हणाल्या, मॅडम, तुम्ही विचारलं तवा ते आधी पोराकडं बघत होते. मी चहाच्या वेळी परत गेले, मुलगा खाली गेला होता. काका म्हणाले, 'रोजची क्वार्टर. त्याला नका सांगू, त्याचं लगीन ठरतंय.'"

पहिल्या पानावर दोष काकांचा होता, दुसऱ्यावर ती स्वतः दिसते, मान खाली घालून लिहिणारी. एम्पथी हा शब्द कुठेच नाही.

आता असेसमेंट. ब्राउन युनिव्हर्सिटीवाल्यांची 2012 ची रिफ्लेक्ट नावाची रुब्रिक, म्हणजे लिखाण जोखायचा तक्ता, आहे, त्यात चार पायऱ्या आहेत, नुसतं घडलेलं सांगण्यापासून ते स्वतःची गृहीतकं तपासण्यापर्यंत. चांगली आहे, वापरा, पण पहिल्या ड्राफ्टला लावू नका. मी दुसऱ्याच ड्राफ्टला लावते. आणि एक हात जोडून विनंती, पोराने चूक कबूल केली असेल तर ती वर्गात वाचून दाखवू नका. एका ठिकाणी एका सरांनी दाखवली, हसले सगळे, पुढच्या टर्मला अख्ख्या बॅचमध्ये एकही चूक झाली नाही!

आणि लिहिलेल्यावर पूर्ण विश्वासही ठेवू नका. "मी पेशंटचं शांतपणे ऐकलं" असं सगळेच लिहितात. 1984 मध्ये बेकमन आणि फ्रँकेल या संशोधकांनी पेशंटच्या 74 व्हिजिटच्या टेप ऐकल्या, तर डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत पेशंटला तोडत होते, आणि त्या डॉक्टरांना विचारलं असतं तर तेही म्हणाले असते की आम्ही ऐकतो. म्हणून वही एकीकडे आणि ऑस्की, म्हणजे स्टेशन-स्टेशनला नकली पेशंट वगैरे ठेवून घेतलेली प्रॅक्टिकल परीक्षा, दुसरीकडे, दोन्ही जोडून बघायचं.

त्याच मुलीची ऑस्की माझ्याच स्टेशनला आली. पाच मिनिटं, नकली पेशंट, आणि मी मुद्दाम एक नातेवाईक उभा केलेला. आल्या आल्या ती म्हणाली, "दादा, जरा बाहेर थांबता का, काकांना तपासायचंय." मग पेन खाली ठेवलं, स्टूल ओढून बसली, काकांना बोलू दिलं. काका बोलत सुटले, आमचा नकली पेशंट म्हणजे ऑफिसमधले एक शिपाई, हौशी नाटकवाले, थांबतायत कसले. बेल वाजली तेव्हा तिचं दारूचं विचारायचं राहून गेलेलं.

चेकलिस्टवर ओळ होती, "व्यसनांची हिस्ट्री घेतली", दोन मार्क. तिथे शून्य द्यावं लागलं. नातेवाइकाला बाहेर पाठवल्याबद्दल चेकलिस्टवर ओळच नव्हती, कारण ती चेकलिस्ट मीच केलेली. पुढच्या परीक्षेला ती घातली, एक मार्काची. दोनची करायची होती, पण बाकीचे एक्झामिनर तयार झाले नाहीत. प्रश्न असतील तर विचारा, नाहीतर बाहेर चहा आलाय.