सुई आतून कोण धरतं?

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या हिवाळ्यात निफाडकडच्या एक मावशी माझ्याकडे आल्या. कांद्याच्या लागणीचे दिवस, सकाळपासून वाफ्यात वाकून रोपं लावायची, आणि त्यात कंबर धरलेली. मी फिजिओथेरपिस्ट, माझं काम व्यायाम देण्याचं. पण मावशी त्याआधीच कुणाच्या तरी सांगण्यावरून अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचून घेऊन आल्या होत्या. बरंही वाटलं होतं. डोक्यात मात्र एकच घोळत होतं. म्हणाल्या, "ताई, काढताना येक सुई निघंचना. आतून कोनी धरून ठिवली होती का वो?"

मी हसले खरी, पण प्रश्न लाखमोलाचा आहे. आज त्याच्याबद्दलच बोलू.

ही विद्या चीनची. आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांसह १९३८ साली जे पाच डॉक्टर चीनला गेले, त्यांत डॉ. बसू होते. ती भारतात आणणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं घेतात. जुने चिनी वैद्य म्हणत, सुई टोचून बोटांत फिरवली की गळाला मासा लागावा तशी ओढ जाणवते. ही ओढ म्हणजे स्नायू आवळला, असं पुष्कळ वर्षं समजलं जायचं.

अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठात डॉ. हेलेन लँजव्हिन यांनी ही ओढ चक्क मोजली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात सुई टोचणं, फिरवणं, ओढून काढणं सगळं यंत्रानं केलं. एकाच दिशेनं फिरवलेली सुई काढायला नुसत्या टोचलेल्या सुईच्या अडीच पटींहून जास्त जोर लागला. मग उंदरांचं ऊतक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. सुईला धरणारा स्नायू नव्हता. कातडीखाली तंतूंचं जे सैलसर जाळं असतं, ते सुईभोवती गुंडाळलं गेलं होतं, येवल्याच्या विणकराच्या कांडीवर रेशीम गुंडाळावं तसं. मावशींची सुई धरली होती ती त्यांच्याच तंतूंनी.

पण त्याच मोजणीत आणखी एक गोष्ट दिसली. अ‍ॅक्युपंक्चरच्या ठरलेल्या बिंदूंवर ही पकड इतर जागांपेक्षा सुमारे १८ टक्केच जास्त होती. म्हणजे सुई कुठंही टोचून फिरवा, शरीर ती थोडीफार धरतंच. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तंतू ओढले गेले की ते बनवणाऱ्या पेशींनाही ताण कळतो. उंदरांच्या ऊतकात सुई फिरवल्यावर अर्ध्या तासात या पेशी चपट्या होऊन पसरलेल्या दिसल्या, अगदी सुईपासून काही सेंटिमीटर लांबच्यासुद्धा.

आता कंबर. लासलगावचा एक कांदा सोला. दोन पाकळ्यांमध्ये ओला, बुळबुळीत, पारदर्शक पापुद्रा असतो. तो ओला आहे तोवर पाकळी पाकळीवरून सरकते, वाळला की चिकटते. कमरेच्या स्नायूंवरचं आवरणही, ज्याला फॅशिया म्हणतात, असंच थरांचं असतं. आपण वाकतो तेव्हा हे थर एकमेकांवरून सरकतात. लँजव्हिन यांच्या गटानं सोनोग्राफीनं हे थर पाहिले. २००९ मध्ये त्यांनी मांडलं, की जुनी कंबरदुखी असणाऱ्यांत हे आवरण सुमारे २५ टक्के जाड होतं. २०११ मध्ये दिसलं, की थरांचं सरकणंही सुमारे २० टक्क्यांनी कमी होतं. आता जाडी आली म्हणून दुखतंय, की दुखतंय म्हणून माणूस हलेना आणि जाडी आली? एकदाच केलेल्या मोजमापातून हे ठरत नाही. "तुमचा फॅशिया चिकटलाय, मी सोडवतो," असं कुणी छातीठोकपणे सांगू लागला, की मी जरा सावध होते.

मग सुयांनी दुखणं कमी होतं का? जर्मनीत ११६२ कंबरदुखीच्या रुग्णांवर मोठी चाचणी झाली, निकाल २००७ चा. सहा महिन्यांनी खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरवाल्यांपैकी जवळजवळ ४८ टक्क्यांना आराम होता. औषधं आणि व्यायाम अशी नेहमीची उपचारपद्धत घेणाऱ्यांत २७ टक्क्यांना. आणि चुकीच्या जागी, वरवर, न फिरवता टोचलेल्या लुटुपुटूच्या सुया घेणाऱ्यांत? ४४ टक्क्यांना! आता ते मघाचे १८ टक्के आठवा. नेमक्या बिंदूचं फार माहात्म्य राहत नाही. म्हणूनच २०१६ मध्ये ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शिकेनं कंबरदुखीला सुया नकोत म्हटलं, तर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं जुन्या कंबरदुखीवर त्या चालतील म्हटलं. पुरावा बराचसा तोच, निवाडे दोन. माझं मत विचाराल, तर घ्यायच्या असतील तर घ्या. सुई नवी, सीलबंद असावी, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. मात्र पायातली ताकद जात असेल, लघवी-संडासवरचा ताबा सुटत असेल, मांड्यांच्या मधे बधिर वाटत असेल, तर सुई नाही, व्यायामही नाही. त्याच दिवशी दवाखाना.

मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. त्या पेशींना सुईशी देणंघेणं नाही, त्यांना ताण कळतो. पाठीला सूज आणलेल्या उंदरांना दिवसातून दोनदा १० मिनिटं, असे १२ दिवस नुसतं ताणलं, तर त्यांची चाल सुधारली आणि सूजही उतरली. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, पण ताण द्यायला पैसे पडत नाहीत.

म्हणून मावशींना म्हटलं, दर अर्ध्या तासानं उभ्या राहा, हात कमरेवर ठेवा आणि सावकाश मागं वाका, पाच वेळा. त्यांनी मला वेड्यात काढलं. "उक्त्या कामात अर्ध्या तासानं कोन उभं ऱ्हातं ताई? टोळी म्होरं जाती." मग जरा विचार करून त्याच म्हणाल्या, "रोपाची जुडी सरली, की दुसरी आनाया उठावंच लागतं. तवा करीन."